ऐकणाऱ्याचे हात

सरांचा पहिला फोन आला तेव्हा मी शाळेत होते आणि पुढचा तास आठवीच्या वर्गावर होता. तो वर्ग क्षणभर मोकळा सोडला तर काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. पलीकडच्या माणसाने आपलं नाव सांगितलं. ज्याच्या घरी टीव्ही आहे अशा प्रत्येक मराठी माणसाला ते नाव ठाऊक आहे, त्यामुळे माझी खात्रीच पटली की नवऱ्याच्या मित्रांपैकी कुणीतरी चेष्टा करतंय. आत्ता तास आहे, नंतर करा, असं म्हणून मी फोन ठेवला. त्यांनी खरंच नंतर केला. दिवाळी अंकातली माझी एक कथा त्यांच्या वाचनात आली होती आणि नव्या मालिकेसाठी त्यांना संवाद लिहिणारं कुणीतरी हवं होतं. पुढे ते ज्याला त्याला माझी ओळख करून देताना सांगत, की तास आहे म्हणून मला फोन ठेवायला लावणारी ही एकटीच.

मी लहान असताना रोह्याला आमच्या आळीत त्यांनी काढलेली मालिका लागली की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. बाबा कंपनीत होते. दुसरी शिफ्ट असली की त्यांचा भाग चुकायचा. मग ते घरी आल्यावर आई त्यांना जेवायला वाढता वाढता तो सगळा भाग सांगायची, कोण काय बोललं, कुणी कुठली साडी नेसली होती, कोण उंबऱ्यात अडखळलं, सगळं. मी पांघरुणात पडून ऐकायचे. बाबा म्हणायचे, टीव्हीपेक्षा तुझंच बरं असतं, आणि आई म्हणायची, जेवा गुमान. माझा तर संशय आहे की ते पहिल्या शिफ्टची अदलाबदल करून मुद्दाम दुसरी घेत. तर अशा माणसाच्या मालिकेसाठी आता मी लिहिणार होते. आईला सांगितलं तेव्हा तिने आधी विचारलं, शाळा सोडणार नाहीस ना.

शाळा सोडली नाही. पेणला घरी बसून लिहायचे आणि संध्याकाळी फोनवर सरांना ऐकवायचे. ऐकवायचं म्हणजे वाचून दाखवायचं नाही. कागद बाजूला ठेवून, शेजारणीला सांगावं तसं सांगायचं, ही त्यांची अट. शिवाय ते स्वतः तेव्हा भांडी घासत असायचे. त्यांची बायको गेल्यापासून संध्याकाळची भांडी तेच घासत. फोन ओट्यावर ठेवलेला, नळ चालू, वाट्या एकमेकींवर आपटतायत आणि मी इकडे जीव तोडून नणंद-भावजयीचं भांडण सांगतेय. पहिल्या आठवड्यात मला अपमान वाटला. पंधरा-वीस वर्षं पोरांना दटावण्यात घालवलेली मी, माझ्या बोलण्यात कुणी भांडी वाजवली तर मला चालत नाही. मी तसं सांगूनही टाकलं.

ते म्हणाले, ज्याचे हात रिकामे आहेत तो माणूस भिडेखातर ऐकतो. आपली मालिका बघणारी माणसं भाजी निवडत असतात, पोराला भरवत असतात, कपड्यांच्या घड्या घालत असतात. त्यांचे हात थांबले तर गोष्ट लागली. नाही थांबले तर नाही लागली, मग तुझा संवाद कितीही चांगला असो.

हळूहळू मी नळाकडे कान ठेवायला शिकले. मला जे फार आवडलेलं असायचं तिथे हटकून नळ धो धो वाहत राहायचा. आणि कुठेतरी, जिथे मी विशेष काही केलेलंच नसायचं, सुनेने सासूचा चष्मा न बोलता पुसून ठेवला एवढंच असायचं, तिथे नळ बंद व्हायचा. मग काही वेळ काहीच आवाज नाही. मग ते म्हणायचे, हं, पुढे. त्या शांततेसाठी मी लिहायला लागले असं म्हटलं तर खोटं नाही.

त्यांची दुसरी एक सवय होती. ते विचारायचे, हे तू कुणाला सांगतेयस? सगळ्या महाराष्ट्राला, असं उत्तर दिलं तर चिडायचे. एका माणसाचं नाव सांग, म्हणायचे. मी आईचं सांगितलं.

आई तेव्हा रोह्याला एकटी राहत होती. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. ते गेले लांबच्या एका हॉस्पिटलात. मी त्यांच्याजवळ होते, आई नव्हती. दुसऱ्या दिवशी घरी सोडणार म्हणून तिला आदल्या दिवशीच मी रोह्याला पाठवलं होतं. आमच्याकडे ही बातमी बाईला कुणी सरळ सांगत नाही. कुणीतरी जातीने जातं, जरा जास्त झालंय म्हणतं, पाणी देतं, जवळ बसतं, तोवर आळीतल्या दोघी-तिघी येतात, आणि मग तिला सांगायची गरजच उरत नाही. मीही तसंच जाऊन सांगणार होते. पण मी निघण्याआधीच काउंटरवरून कुणीतरी नोंदवलेल्या नंबरावर फोन लावला होता, आणि तो नंबर आईचा होता. मी पोचले तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. त्या दुपारबद्दल ती कधीच बोलली नाही. बाबांचे शेवटचे तास कसे गेले, हेही तिने मला विचारलं नाही. तिने विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. दोघी एकमेकींना जपत होतो आणि त्यात आमच्यातलं बोलणं आटत चाललं होतं. फोनवर ती औषधं घेतली म्हणून सांगायची, मी पोरांच्या परीक्षा सांगायचे, झालं.

बोलणं उरलं होतं ते मालिकेचं. त्यात एक म्हातारा होता, नायिकेचा आजेसासरा. खवट बोलणारा, गोळ्या लपवून ठेवणारा, बायकोवर जीव टाकणारा पण तसं न दाखवणारा. आईला तो फार आवडायचा. फोनवर पहिला विषय तोच. ते काम करणारे नट वयस्कर होते आणि त्यांची तब्येत बिघडायला लागली. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं. चॅनेलने निरोप पाठवला की म्हाताऱ्याचा मृत्यू दाखवा, मोठा भाग करा. आईला कुणकुण कशी लागली देव जाणे. आळीतल्या कुणाच्या तरी मोबाइलवर आलं असणार. तिचा फोन आला.

"त्या म्हाताऱ्याला मारू नको गो," ती म्हणाली. माझ्याकडे तिने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे मागितलं.

मी काय करणार, मी नुसती संवाद लिहिणारी. लिहिला मी मृत्यू. सगळं घर खाटेभोवती, म्हातारा एकेकाला जवळ बोलावतोय, एकेकाला एकेक वाक्य. लिहिताना मीच रडले. संध्याकाळी सरांना सांगितला तर नळ एकदाही बंद झाला नाही. मी म्हटलं, सर, मी रडले हो हे लिहिताना. ते म्हणाले, रडून झालं ना, आता लिहायला हरकत नाही. मग म्हणाले, आईसाठी लिहितेस ना तू? चल, रविवारी रोह्याला जाऊ, तिलाच ऐकव.

एवढा मोठा माणूस येणार म्हणून आईने घर धुऊन काढलं. दोन दिवस आधी फोन करून विचारलं, साहेबांना काय आवडतं? मी त्यांना विचारलं तर म्हणाले, वालाचं बिरडं, आणि सोलायला मी बसणार. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने आधी विचारलं, वालाचंच? मग म्हणाली, भिजत घालते.

रविवारी मी त्यांच्या गाडीत पेणहून बसले. महामार्गाचं काम माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हा चालू झालं, ती आता कॉलेजात आहे, तेव्हा त्याबद्दल न बोललेलंच बरं. रोह्याला पोचल्यावर सर, खाली बसलो तर उठवायला क्रेन लागेल असं म्हणत, स्वयंपाकघरात खालीच बसले. मध्ये परात, कोमट पाण्यात मोड आलेले वाल. आई आधी भलतीच संकोचली. पण सर एकेक दाणा चिमटीत धरून असा काही दाबायचे की साल राहायचं बोटात आणि दाणा मोडून उडायचा ओट्याखाली. तिसऱ्या-चौथ्या दाण्याला आईला राहवलं नाही. तिने त्यांना दाबायचं कुठे ते दाखवलं, आणि त्यानंतर साहेबांचे भाऊ झाले.

मी सांगायला सुरुवात केली. खाट, घर, एकेक वाक्य. आई ऐकत होती, मान डोलवत होती, आणि तिचे हात भराभर चालले होते, सालं एकीकडे, डाळिंब्या एकीकडे. शेवटाला आले तरी हात चालूच. चांगलं हाय, ती म्हणाली, लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्याला म्हणतात तसं.

सर सोलत राहिले. मग आईच म्हणाली, "असं नाय होत पण."

"कसं होतं?" सरांनी विचारलं, वर न बघता.

"सगळी जवळ नसतात, भाऊ. मी अशीच सोलत बसली होती. हे दुसऱ्या दिवशी घरी यायचे होते ना. फोन आला. कोण पोरगी होती. पेशंट एक्स्पायर झाले म्हणाली. मी म्हटलं, बरं."

मग तिने फोन ठेवला होता आणि उरलेले वाल सोलले होते. अर्धं सोललेलं कुठं ठेवायचं, असं ती सरांना विचारत होती, जसं काही त्यांना माहीत असणार. सगळं सोलून झालं, परात झाकली, आणि मग तिला कळेना की आता कुणाला हाक मारायची. हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होते. तिला खुपत होतं ते वेगळंच होतं.

"नवरा गेला सांगितलं, आनि मी बरं म्हटलं," ती म्हणाली. "कोण म्हणतं असं?"

सरांचे हात केव्हाच थांबले होते. त्यांनी हलकेच विचारलं, दुसरं काय म्हणणार होतात, ताई? आईने त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या हातातल्या दाण्याकडे बघितलं, आणि म्हणाली, सोला भाऊ, नायतर जेवायला उशीर व्हईल. बिरडं सुरेख झालं होतं. आईने ते त्या दिवसानंतर पहिल्यांदाच केलं होतं.

परतताना गाडीत मी गप्प बसूच शकत नव्हते. नागोठणं यायच्या आत माझ्या डोक्यात अख्खा भाग तयार झाला होता. म्हातारी एकटी घरात, परात, फोन, बरं. खाटबिट काही नको. मी सरांना म्हटलं, सर, मिळाला सीन.

"नाही," ते म्हणाले.

मी कारण विचारलं. ते म्हणाले, संध्याकाळी मालिका लागेल तेव्हा तुझी आई आळीतल्या चार बायकांबरोबर बसलेली असेल. त्यांच्या देखत तिला हे बघावं लागेल. तिने ते आपल्याला सांगितलंय, सगळ्यांना नाही. मी म्हटलं, पण कुणाला कळणार आहे? ते म्हणाले, तिला कळेल. मला राग आला. एवढं हातात आलेलं सोडायचं म्हणजे काय. वडखळपर्यंत मी तोंड फुगवून खिडकीबाहेर बघत होते. तेव्हा त्यांनी विचारलं, वडिलांजवळ तू होतीस ना, ते सगळं तिला सांगितलंस कधी? मी म्हटलं, तिने कधी विचारलं नाही. ते म्हणाले, हं. नळ बंद करून म्हणायचे तसंच.

म्हातारा मेला नाही. चॅनेलशी सर किती भांडले ते मला पूर्ण माहीत नाही, पण शेवटी त्यांचंच चाललं. म्हातारा गावाला निघून गेला, वालाच्या शेतावर लक्ष ठेवायला, शहराची हवा मानवत नाही म्हणून कुरकुर करत. त्यानंतर मालिकेत त्याची बायको त्याला रोज फोन करायची. त्याचा आवाज कधी ऐकू यायचा नाही. ती नुसती म्हणायची, घेतली का गोळी, खोटं बोलू नका, पोपटीचं मडकं लावलंत तर शेंगांना मीठ कमी घाला. ती वाक्यं मी लिहायचे आणि मला ती लिहिताना कष्ट पडत नसत, कारण आई बाबांशी कंपनीच्या फोनवर अशीच बोलायची. लोकांना ते आवडलं. आई आळीत सांगायची, म्हातारा गावाला हाय, बरा हाय.

पुढच्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी, मी पेणच्या बाजारात कोळंबीच्या वाट्यावरून घासाघीस करत होते तेव्हा सरांचा फोन आला. म्हाताऱ्याचं काम करणारे ते नट पहाटे गेले होते. त्यांचा मुलगा परदेशातून यायचा होता, म्हणून अंत्यविधी दुसऱ्या दिवशी होता. दुपारपर्यंत बातमी टीव्हीवर येणार होती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, आईला फोन करते.

"फोन करू नकोस," सर म्हणाले. "मी निघालोय. तुला पेणहून घेतो."

ते रात्रभर जागे होते हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मी म्हटलं, सर, तुम्ही कशाला, मी गेले असते एकटी. ते म्हणाले, त्याच्याजवळ मी होतो, मग सांगायला मीच पाहिजे. वाटेत एका ठिकाणी सगळी वाहतूक तुंबली आणि मी मनातल्या मनात आळीतल्या एकेका घराला हात जोडले, की आज कुणी टीव्ही लावू नका, कुणी मोबाइल घेऊन आईकडे जाऊ नका.

आई ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिला काही कळलेलं नव्हतं. आम्हा दोघांना अवेळी आलेलं बघून तिने आत जाऊन पाणी आणलं आणि परत सूप पुढे ओढलं. सर तिच्यासमोर खाली बसले. त्यांनी बातमी सांगितली नाही. त्यांनी आदल्या संध्याकाळपासून सुरुवात केली. त्या नटांनी शिरा मागितला होता, साखर कमी म्हणून कुरकुर केली होती. मालिकेत हल्ली मला कोण कोण फोन करतं, असं विचारून हसले होते. मग रात्री श्वास लागायला लागला. बायकोने हात धरला होता, तो सोडला नाही. सर पायाशी उभे होते. पहाटे श्वास हळू झाला, आणखी हळू झाला, आणि मग बायको म्हणाली, थांबला. एवढंच. त्यात एकही वाक्य मोठं नव्हतं.

आईचे हात कधी थांबले ते मला सांगता येणार नाही. मी बघायचंच विसरले होते.

जरा वेळाने ती म्हणाली, "परत सांगा."

सरांनी परत सांगितलं. शिऱ्यापासून. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही, घाई केली नाही. या वेळी आई रडायला लागली. बाबा गेल्यावर दिवसकार्याला माणसं येत होती, रडत होती, तेव्हा ती चहाचं बघत होती. आता ती पदर तोंडाशी न नेता रडत होती, आवाज करून, आणि मला भीती वाटत नव्हती. मला बरं वाटत होतं, हे सांगायला मला संकोच नाही. मी तिच्याजवळ सरकून बसले.

पुष्कळ वेळाने ती शांत झाली. नाक पुसलं. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता तू सांग. तुझ्या बाबांचं."

सर उठले. भिंतीला हात लावून, गुडघे सांभाळत ते अंगणात निघून गेले. फाटकापाशी पाठमोरे उभे राहिले.

मी शेकडो भाग सांगितले होते, पण मला सुरुवात सापडेना. मग मी सकाळपासून सांगायला लागले. बाबांनी दाढी करून घेतली होती. वॉर्डबॉय खांब गावचा निघाला, म्हणून त्याला तुझ्या माहेरची घरं विचारत बसले. दुपारी एकाएकी थकवा आला. डॉक्टर आले, पडदा ओढला, मला जवळ थांबू दिलं. त्यांना बोलायला त्रास होत होता, पण मला त्यांनी खूण करून खाली वाकायला लावलं आणि विचारलं, तुझी आई जेवली का.

आई हलली नाही. "मग तू काय सांगितलंस?"

"जेवली म्हणून सांगितलं. मला कुठं माहीत होतं, आई. पण तसं सांगितलं. मग त्यांनी डोळे मिटले."

आईने सुपातले तांदूळ एका बाजूला सारले.

"नव्हती जेवली मी," ती म्हणाली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "चांगलं केलंस गो."

सूप बाजूला ठेवून ती उठली, अंगणातल्या सरांना हाक मारली आणि तिघांची ताटं घ्यायला आत गेली.